बर्लिनची रात्र आणि घरचा फोन

रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजाच्या माथ्यावरचे चार घोडे अजून स्वच्छ उजेडात दिसत होते. जून महिना होता. पुण्यात या वेळी जेवणे आटोपून लोक शतपावलीला निघालेले असतात. इथे मात्र संध्याकाळ नुकती सुरू झाल्यासारखी वाटत होती. शेजारी उभी असलेली माझी भाची म्हणाली, "मावशी, आता कुठे शहर जागं होतंय. दमली नाहीस ना?"

ती बर्लिनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेते. मी पुण्यात गेली सव्वीस वर्षे कौटुंबिक डॉक्टर म्हणून काम करते. दोन आठवड्यांच्या रजेवर तिच्याकडे निघाले तेव्हा ताईने, म्हणजे तिच्या आईने, मेथीचे ठेपले आणि गोडा मसाला बांधून दिला आणि हळूच एक कामगिरीही सोपवली. "ती नीट जेवते का, झोपते का आणि रात्री-अपरात्री कुठे फिरते, ते बघून ये. फोनवर काही विचारलं की 'सगळं छान' एवढंच सांगते."

आज महाराष्ट्रातील असंख्य घरांतून मुले-मुली शिकण्यासाठी युरोपात जात आहेत. शुल्क, व्हिसा, राहण्याची जागा यांविषयी घरात महिनोन्‌महिने चर्चा होते. तिथल्या रात्रींविषयी मात्र कोणी बोलत नाही. मुले विचारत नाहीत, पालक सुचवत नाहीत. या लेखाचा विषय तोच आहे.

पायी पाहण्याचे शहर

बर्लिन पाहण्यासाठी पैसा थोडा लागतो आणि पाय पुष्कळ लागतात. ब्रांडेनबुर्ग दरवाजा १७९१ साली पूर्ण झाला. शहराच्या फाळणीच्या काळात तो सीमेच्या निषिद्ध पट्ट्यात अडकून पडला होता आणि सामान्य माणसाला त्याच्याखालून जाता येत नव्हते. आज त्याच्याखालून शाळेच्या सहली जातात. तिथून पूर्वेकडे 'उंटर डेन लिंडेन' हा रुंद रस्ता निघतो. नावाप्रमाणेच त्याच्या दुतर्फा लिंडनची झाडे आहेत. जूनमध्ये ती फुलतात आणि रस्ताभर मधासारखा मंद वास दरवळतो. दीडेक किलोमीटर चालले की श्प्रे नदीतील संग्रहालय-बेट येते. पाच संग्रहालयांचा हा समूह १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. राणी नेफरतिती हिचा प्रसिद्ध अर्धपुतळा इथेच आहे.

दरवाजाच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर युरोपातील हत्या झालेल्या ज्यूंचे स्मारक आहे. करड्या काँक्रीटचे २,७११ ठोकळे उंचसखल जमिनीवर ओळीने उभे आहेत. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे आहेत. आत शिरत गेले की ते डोक्याच्या वर जातात आणि शहराचा आवाज मंदावतो. भाची म्हणाली, की पहिल्या महिन्यात ती इथे तीन वेळा आली होती आणि तिन्ही वेळा एकटी. शहरातील अनेक घरांसमोर पदपथात दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पितळी फरशा बसवलेल्या आहेत. त्या घरातून ज्यांना पकडून नेले, त्यांची नावे आणि जन्म-मृत्यूची साले त्यांवर कोरलेली आहेत. रात्री दिव्याच्या उजेडात त्या चमकतात. मौजेसाठी बाहेर पडलेली मुलेही तिथे क्षणभर थबकताना मी पाहिली.

भिंतीची खूण तर जागोजाग भेटते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी ती उभी राहू लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री उघडली. या भिंतीपाशी किमान १४० माणसांचा जीव गेला. शहराच्या मध्यभागात जिथे ती होती, तिथे रस्त्यात आता दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे. त्या ओळीवर एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून माझ्या भाचीने मला उभे केले आणि छायाचित्र काढले.

डॉक्टर म्हणून मला आणखी दोन ठिकाणे पाहायची होती. एक 'शारिटे' हे रुग्णालय. १७१० साली प्लेगच्या भीतीने शहराबाहेर बांधलेले हे रुग्णघर आज युरोपातील मोठ्या विद्यापीठ-रुग्णालयांपैकी एक आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध याच शहरात जाहीर केला आणि म्हणून आपण २४ मार्चला क्षयरोगदिन पाळतो. दुसरे ठिकाण शहराच्या नैऋत्येला, डालेम भागात. इरावती कर्वे १९२८ साली डॉक्टरेटच्या संशोधनासाठी बर्लिनला आल्या आणि डालेममधील मानवशास्त्र-संस्थेत त्यांनी कवट्यांच्या मोजमापांवर काम केले. वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेला त्यांची मोजमापे दुजोरा देईनात, आणि मार्गदर्शकांची अपेक्षा काहीही असली तरी त्यांनी निष्कर्ष बदलला नाही. ती वास्तू आजही उभी आहे आणि तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. तिच्यासमोर उभे असताना वाटले, की त्या काळी घरचे पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागत असतील. आज रोज चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. तरी ताईला मुलीची खबर काढायला मला पाठवावे लागले.

रात्र हीसुद्धा इथली परंपरा

बर्लिनचे रात्रजीवन म्हटले की आपल्याकडे भुवया उंचावतात. इथे मात्र त्याला रीतसर इतिहास आहे. युद्धानंतर पश्चिम बर्लिनमध्ये मद्यगृहे ठरावीक वेळी बंद करावी लागत. हाइन्झ त्सेलरमायर नावाच्या हॉटेल-व्यावसायिकाने पाठपुरावा केला आणि १९४९ साली ही वेळेची मर्यादा उठली. तेव्हापासून या शहराला बंद होण्याची वेळ नाही. भिंत पडल्यावर पूर्वेकडची शेकडो गोदामे, कारखाने आणि तळघरे ओस पडली होती. त्यांत तरुणांनी ध्वनियंत्रणा नेऊन ठेवल्या. एका जुन्या दुकानाच्या तिजोरीच्या खोलीत १९९१ साली 'ट्रेझोर' हा क्लब सुरू झाला. पुढे एका जुन्या औष्णिक केंद्रात 'बेर्गहाइन' आला. २०२४ साली बर्लिनच्या टेक्नो संगीताच्या संस्कृतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली.

अनेक क्लबांत शिरताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. नाचणाऱ्याला कोणी टिपू नये, हा त्यामागचा संकेत. शुक्रवारी आणि शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर धावते. रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाला इथली मंडळी लाडाने 'श्पेटी' म्हणतात. रिकाम्या बाटल्या परत दिल्या की अनामत रक्कम मिळते, म्हणून मुले बाटल्या कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभ्या करून ठेवतात. गरजू माणसे त्या उचलतात आणि कोणाला पेटीत हात घालावा लागत नाही. ही रीत मला फार आवडली.

आणि रात्र म्हणजे केवळ मद्य आणि ढोलताशा नव्हे. संसदभवनाच्या काचेच्या घुमटात आगाऊ नोंदणी करून रात्री विनामूल्य जाता येते. 'संग्रहालयांची दीर्घ रात्र' हा उपक्रम १९९७ साली याच शहरात सुरू झाला आणि नंतर अनेक देशांनी तो उचलला. उन्हाळ्यात श्प्रेच्या काठी, बोडे संग्रहालयासमोर, उघड्यावर टँगो चालतो. तिथे सत्तरीचे जोडपे आणि विशीतली मुले एकाच फळीच्या व्यासपीठावर नाचत होती. भाचीने मला हात धरून ओढले. मी दोन गाणी नाचले आणि तीन वेळा तिच्या पायावर पाय दिला.

त्या रात्री घरी परतताना एका बंद दारासमोरच्या पायऱ्यांपाशी ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, तुला एक सांगायचं आहे. आईला सांगितलेलं नाही."

जानेवारीतली ती रात्र

पुढचा प्रसंग संबंधित मुलीच्या संमतीने आणि तिची ओळख पटणार नाही अशा बेताने लिहीत आहे.

जानेवारीतला शनिवार. उणे सहा अंश तापमान. वर्गातील एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. तीही महाराष्ट्रातलीच. परीक्षेच्या ताणात तिने दिवसभर काही खाल्ले नव्हते. रात्री कोणीतरी व्होडकाचे छोटे पेले मागवले. घरी असताना तिने मद्याला स्पर्शही केला नव्हता. किती घेतले म्हणजे काय होते, याचा अंदाज यावा कसा? पहाटे तीनच्या सुमारास सगळी बाहेर पडली. स्टेशनच्या वाटेवर ती या पायऱ्यांवर बसली, "पाच मिनिटं पडते" म्हणाली आणि आडवी झाली.

सोबतच्या मुलांमध्ये दोन मते पडली. एक मुलगा म्हणाला, झोपू द्या, घरी नेऊ, सकाळी उठेल. दुसरीला रुग्णवाहिकेच्या बिलाची धास्ती होती. तिसऱ्याच्या मनात आले, की पोलीस आले, नोंद झाली, तर व्हिसाचे काय? सगळेच पंचवीसच्या आतले, परक्या देशातले आणि घाबरलेले.

"मी तिच्या कानाची पाळी जोरात चिमटली," भाची सांगत होती. "ती हललीसुद्धा नाही. मग मला तुझा दवाखाना आठवला. लहानपणी मी तुझ्या टेबलाशेजारी बसायचे ना, तेव्हा तू घड्याळ बघत बाळांचे श्वास मोजायचीस. मी मोजले. मिनिटाला सात होते."

तिने ११२ क्रमांक फिरवला. पलीकडच्या व्यक्तीने इंग्रजीत संभाषण केले, जागा विचारली, मुलीला कुशीवर वळवायला आणि पांघरूण घालायला सांगितले आणि फोन बंद करू नका असे बजावले. चौघांचे कोट तिच्या अंगावर आणि अंगाखाली गेले. थोड्याच वेळात तिला उलटी झाली. ती कुशीवर होती म्हणून सगळे बाहेर पडले. रुग्णवाहिका आली. रुग्णालयात तिला ऊब दिली, शिरेतून द्रव दिला, रात्रभर श्वासावर आणि रक्तातील साखरेवर लक्ष ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. विमा होता, त्यामुळे पदरचे अगदी थोडे पैसे गेले. व्हिसाचा प्रश्न उद्भवलाच नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन तिथल्या डॉक्टरांवर कायद्यानेच आहे.

हे ऐकताना मी डॉक्टर राहिले नाही, मावशी झाले. माझ्या तोंडून निघाले, "पण तू तिथे गेलीसच कशाला?"

ती गप्प झाली. बराच वेळ आम्ही नुसत्या चालत होतो. मग म्हणाली, "म्हणूनच आईला सांगितलं नाही."

झोप आणि बेशुद्धी यांतला फरक

वाचकहो, या प्रसंगाची वैद्यकीय बाजू प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी, मग मुले बर्लिनला असोत किंवा बाणेरला.

यकृत मद्याचा निचरा आपल्या ठरलेल्या गतीनेच करते. अर्धा लिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते आणि तेवढे निचरायला साधारण दोन ते तीन तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. शिवाय शेवटचा घोट घेतल्यानंतरही काही काळ पोटातील मद्य रक्तात उतरत राहते. म्हणजे माणूस आडवा झाला त्या क्षणी तो जेवढा धोक्यात असतो, त्याहून अर्ध्या तासाने अधिक धोक्यात असू शकतो. "झोपू द्या, सकाळी उठेल" हा सल्ला याच कारणाने घातक ठरतो. पोट रिकामे असेल तर हे सारे आणखी वेगाने घडते.

मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते. घशातील ठसक्याची प्रतिक्रिया बोथट होते, त्यामुळे उताणा पडलेला माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरू शकतो. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला ऊब आल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात शरीरातील उष्णता बाहेर पडत असते. युरोपातील हिवाळ्यात ही फसवी ऊब जीव घेऊ शकते.

म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात. हाक मारून, चिमटा काढूनही माणूस जागा होत नाही. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहेत किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक अंतर पडते. ओठ वा नखे निळसर झाली आहेत. अंग गार आणि चिकट आहे. झटके येत आहेत. बेशुद्धीतच उलटी होते आहे. यांपैकी एकही खूण दिसली तरी तातडीची मदत बोलवावी. सगळ्या खुणा जुळण्याची वाट पाहू नये. मदत येईपर्यंत कुशीवर वळवावे, मान किंचित मागे आणि तोंड जमिनीच्या बाजूला कलते ठेवावे, अंगाखालीही काहीतरी घालावे आणि एकटे सोडू नये. जर्मनीत संकटातील माणसाला शक्य असूनही मदत न करणे हा दंडनीय गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.

मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. मी माझ्या भाचीला हे सांगितले. पण जिथे बिअर आणि वाइन कायद्याने सोळाव्या वर्षापासून मिळते, रस्त्यातही उघडपणे पिता येते, तिथे आपली मुले ती कधी पाहणारच नाहीत असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे. न पिणाऱ्या मुलालाही मित्राला कुशीवर वळवता आले पाहिजे.

अंधाराचे चार महिने

भाचीने नंतर आणखी एक गोष्ट सांगितली आणि मला ती त्या रात्रीइतकीच महत्त्वाची वाटते. तो जानेवारी तसाही वाईट गेला होता.

बर्लिन साडेबावन्न अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. डिसेंबरच्या मध्यास तिथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आतच मावळतो. त्यातही आभाळ बहुधा करडे. "वर्गात शिरताना अंधार, बाहेर पडताना अंधार. मला वाटायचं मी आळशी झाले आहे," ती म्हणाली. दुपारपर्यंत झोप, रात्री जाग, गोड खाण्याची सतत इच्छा, कोणाशी बोलणे नको आणि उगाच रडू. मग शनिवार आला की गर्दी, दिवे, संगीत हवेसे वाटे. ती क्लबमध्ये गेली ती बिघडून गेली नव्हती. ती अंधारातून उजेडात गेली होती.

या स्थितीला वैद्यकात ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचे रीतसर वर्णन केले. डोळ्यांवर सकाळचा उजेड पडला नाही की शरीराचे घड्याळ मागे पडते. त्यात शनिवारी पहाटे पाचला झोपून रविवारी दुपारी दोनला उठले की शरीराला दर आठवड्याला विमानप्रवास केल्यासारखे होते. म्युनिकचे कालजीवशास्त्रज्ञ टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी याला 'सोशल जेटलॅग' असे नाव दिले.

उपाय साधे आहेत, पण ते ऑक्टोबरमध्येच सुरू करावे लागतात. सकाळी आभाळ असले तरी अर्धा तास बाहेर चालावे. ढगाळ दिवसाचा उजेडही घरातील दिव्यांपेक्षा कितीतरी पट प्रखर असतो. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तास-दोन तासांहून अधिक सरकू देऊ नये. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथल्या उन्हातून त्वचेत पुरेसे ड-जीवनसत्त्व तयार होत नाही आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर ऊन अधिकच लागते. शाकाहारी मुलांमध्ये ब-१२ ची कमतरताही बरीच आढळते. निघण्यापूर्वी दोन्ही तपासून घ्यावीत आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. दोन आठवडे मन सतत उदास राहिले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वाट न पाहता मदत घ्यावी. बर्लिनच्या विद्यार्थी-कल्याण संस्थेत मानसोपचार समुपदेशन विनामूल्य मिळते.

जेवणाचा प्रश्न भाचीने स्वतःच सोडवला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो. १९६१ च्या करारानंतर कामासाठी आलेल्या तुर्की कुटुंबांनी या शहराला कोथिंबीर, वांगी, छोले आणि पालक दिला. ती रविवारी आमटी करून ठेवते आणि बाहेर जायचे असेल त्या दिवशी आधी पोटभर वरणभात खाते. त्या जानेवारीनंतर तिच्या मंडळींचा हा नियमच झाला आहे. रात्रीचा कार्यक्रम तिच्या खोलीवरच्या जेवणाने सुरू होतो.

कानांविषयीही एक शब्द. क्लबमधील आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो आणि तेवढ्या आवाजात पंधरा मिनिटांतच दिवसाची सुरक्षित मर्यादा संपते. घरी आल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर ती कानाने दिलेली ताकीद समजावी. एकदा मेलेल्या श्रवणपेशी पुन्हा उगवत नाहीत. कानात घालायचे मऊ बोळे अगदी स्वस्त मिळतात; भाचीच्या किल्ल्यांच्या जुडग्याला त्यांची डबी अडकवलेली असते.

ताईचा फोन

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही टेम्पेलहोफच्या मैदानावर गेलो. हा एकेकाळचा विमानतळ. १९४८-४९ च्या नाकेबंदीत या धावपट्ट्यांवर धान्य आणि कोळसा उतरत होता. २००८ साली विमानतळ बंद झाला, २०१० मध्ये मैदान लोकांसाठी खुले झाले आणि २०१४ साली नागरिकांनी मतदान करून तिथे इमारती होऊ दिल्या नाहीत. आज धावपट्टीवर सायकली आणि पतंग असतात.

मी भाचीची माफी मागितली. डॉक्टर म्हणून मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. तिच्या वयाच्या मुलीने थंडीत, भीतीत, चार जणांच्या मताविरुद्ध जाऊन श्वास मोजले आणि फोन केला. याहून चांगले काय करायला हवे होते, हे सव्वीस वर्षांच्या अनुभवानेही मला सांगता येणार नाही. मी मात्र पहिला प्रश्न विचारला, तो ती तिथे का गेली याचा. घरोघरी हेच होते. मूल धोक्याची गोष्ट सांगते आणि आपण धोका बाजूला ठेवून चूक शोधू लागतो. पुढच्या वेळी ते सांगत नाही, आणि खरी हानी तिथे होते. त्या रात्री रुग्णवाहिका बोलवू नये असे म्हणणाऱ्या मुलांच्या मनात बिलाची आणि व्हिसाची भीती होतीच. पण 'घरी कळलं तर' ही भीतीही होती, असे भाचीने नंतर कबूल केले.

"तूच सांग ना आईला," ती म्हणाली. मी नकार दिला. "मी शेजारी बसते. सांगायचं तूच."

तिने फोन लावला. सगळे सांगितले, जानेवारीतले रडणेही सांगितले. पलीकडे ताई इतका वेळ गप्प होती की फोन तुटला की काय असे वाटले. तीही मनात तोच प्रश्न घोळवत असणार, जो मी बोलून बसले होते. मग तिचा आवाज आला, "त्या पोरीने दुसऱ्या दिवशी काही खाल्लं का गं? आणि तू?"

"मुगाची खिचडी केली होती, आई. दोघींनी खाल्ली."

"तूप होतं?"

भाची हसली आणि हसता हसता रडू लागली. पतंग अजून वर होते. साडेनऊ वाजून गेले होते तरी उजेड होता.

जाण्यापूर्वी घरात बोलून ठेवावे असे काही

• युरोपीय संघात तातडीच्या मदतीसाठी ११२. जर्मनीत रात्री-अपरात्री, पण जिवावर न बेतलेल्या आजारासाठी ११६११७. हे क्रमांक मोबाइलमध्ये आणि कागदावरही असावेत.

• जर्मनीत विद्यार्थ्याला आरोग्यविमा सक्तीचा आहे. विम्याचे कार्ड रात्री बाहेर जातानाही जवळ ठेवावे. खर्चाच्या भीतीने मदत टाळू नये.

• रिकाम्या पोटी मद्य नाही. आपला पेला नजरेआड झाला तर तो सोडून द्यावा. अनोळखी व्यक्तीने आणलेले पेय घेऊ नये.

• एकत्र गेलेल्यांनी एकत्रच परतावे; किमान एकाने न पिता राहावे. परतीचा मार्ग निघण्यापूर्वी ठरवावा.

• कोणाचा त्रास होत असेल, तर जर्मनीतील अनेक शहरांतल्या मद्यगृहांत "लुईझा इथे आहे का?" असे विचारता येते. २०१६ साली म्युन्स्टरमध्ये सुरू झालेली ही सांकेतिक हाक आहे. कर्मचारी काही न विचारता मदत करतात.

• जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मर्यादित प्रमाणात गांजा बाळगण्यास मुभा आहे. तो भारतात आणणे मात्र गंभीर गुन्हा आहे.

• मन खचले तर जर्मनीत ०८०० १११०१११ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. भारतातील पालकांसाठी आणि मुलांसाठी 'टेली-मानस'चा क्रमांक १४४१६ आहे.

• पालकांनी एक वाक्य मुलांना निघण्यापूर्वीच, शांतपणे सांगून ठेवावे: "काहीही झालं तरी आधी मदत बोलव, मग आम्हाला फोन कर. रागवायचं की नाही ते आपण तू सुखरूप असल्यावर बघू."